गाडी तापते, हे कसं सांगायचं?

लग्नसराई आली की लोकांना जेवणावळी आठवतात, मला गाडीचा काटा आठवतो. परवा शाळेत शिकवून घरी आले, तर उंबऱ्याच्या आत यंदाची पहिली पत्रिका पडलेली. कोपऱ्यांना हळदीची बोटं, आत कुंकवाचे चार तांदूळ. बाहेर ऊन असं की अंगणातल्या तुळशीनं मान टाकलेली, आणि अमडापूरच्या बाजूनं वाऱ्यावर बँडचा आवाज येतोय, नाही येत, पुन्हा येतोय. पत्रिका कोणाची हे मी पाहिलंच नाही. आधी मागे वळून अंगणात उभ्या असलेल्या आमच्या गाडीकडे पाहिलं, आणि मग पाणी प्यायले.

गाडी जर्मन आहे आणि जुनी घेतलेली आहे. हे दोन शब्द वेगवेगळे बरे वाटतात, एका घरात नांदायला आले की त्रास देतात. माझा नवरा प्रवीण, चिखलीला त्याचं खता-बियाण्यांचं दुकान. शाळेच्या वयापासून त्याला ही गाडी हवी होती. नवी घेण्याची ऐपत या जन्मात येणार नव्हती, म्हणून पुण्याहून जुनी आणली. ‘एका डॉक्टरची आहे, जिवापाड जपलेली,’ असं त्याला विकणाऱ्यानं सांगितलं. विकायला निघालेली प्रत्येक जुनी गाडी कुठल्या तरी डॉक्टरचीच असते. पुण्यातले बाकीचे लोक बहुधा पायीच फिरत असावेत.

काळी, बुटकी, रुंद खांद्यांची गाडी. आमच्या गावच्या प्रत्येक गतिरोधकाला ती पोट घासून नमस्कार करायची, आणि तो घासल्याचा आवाज माझ्या दातांत जायचा. आत बसलं की रस्ता अगदी बुडाखालून जातोय असं वाटायचं. पण समृद्धी महामार्गावर घेतली की काय पळायची! प्रवीण नुसता पाय ठेवायचा आणि पाठ सीटला चिकटायची. त्या वेळी त्याच्या चेहऱ्यावर जे हसू यायचं ते आमच्या लग्नाच्या अल्बममध्ये कुठंच सापडत नाही. मी एकदा तसं बोलूनही दाखवलं, तर म्हणाला, “तव्हा मले फेटा टाइट झाला होता.”

दुखणं होतं ते हळू चालण्यात. पळवली की गार, थांबवली की तापते, असा तिचा उलटा कारभार. पळताना समोरून वारा मिळतो. गर्दीत अडकली की इंजिनासमोरच्या पंख्यानं वारा द्यायचा असतो, आणि तो पंखा लहरी होता. वाटलं तर फिरायचा, नाही वाटलं तर नाही. मी सांगतेय त्या वर्षी होळी झाली आणि चिखलीच्या आठवडी बाजारात, टरबुजांच्या हातगाड्यांमध्ये, तापमानाचा काटा पहिल्यांदा लाल रेघेला जाऊन टेकला. बॉनेटमधून गोडसर वास आला, गुळाचा पाक करपायला लागावा तसा. मला क्षणभर वाटलं बाजारात कोणी काकवी आणली असेल. प्रवीणचा चेहरा पाहिला आणि कळलं की काकवी आमचीच आहे.

तेव्हापासून माझी सकाळ बदलली. सडा टाकून झाला की मी गाडीच्या बाजूला गुडघ्यावर बसून खाली डोकवायची. खाली खताचं रिकामं पोतं पसरून ठेवलेलं होतं. त्यावर गुलाबी थेंब दिसला की कूलंट गळतंय. काही दिवस थेंब नसायचा. मग मला जास्त भीती वाटायची, की आता गळायला आत काही उरलंच नाही की काय. काळजी करणं हा माझा जोडधंदा आहे, पण त्या गाडीनं तो मुख्य धंदा करून टाकला. चिखलीचा आमचा नेहमीचा मेकॅनिक ट्रॅक्टरचं इंजिन आवाजावरून ओळखतो. त्यानं बॉनेट उघडलं, आतलं काळं झाकण पाहिलं, आणि देवघराचं दार लावावं तसं हलकेच बंद केलं. “भाऊ, मी हात लावत नाही. लावला अन् बिघडली, तर तुमची दोस्ती जाईन,” म्हणाला. संभाजीनगरच्या वर्कशॉपमधल्या पोरानं लॅपटॉप जोडून सांगितलं, पंखा आणि त्याचं कंट्रोलचं युनिट दोन्ही बदलायला लागेल, मागवावं लागेल. मागवलं. ‘येईल मॅडम’ हे दोन शब्द मी त्या उन्हाळ्यात जितक्या वेळा ऐकले तितके सासूबाईंनी देवाचं नाव घेतलं नसेल.

आणि अशात काकाजी आमच्या फाटकाशी येऊन उभे राहिले.

काकाजी म्हणजे माझे चुलतसासरे, मामाजींचे धाकटे भाऊ. मामाजी म्हणजे सासरे. आमच्याकडे सुना तसंच म्हणतात. दोघांची घरं शेजारी, मधे एकच भिंत. मी लग्न होऊन आले तेव्हापासून हे दोघे भाऊ एकमेकांशी बोललेले मी पाहिले नव्हते. भांडण धुऱ्याचं, म्हणजे दोन वावरांमधल्या बांधाचं. कोणी नांगर किती आत घातला हे आता दोघांनाही नीट सांगता आलं नसतं, पण अबोला मात्र दोघांनी शेतासारखा कसला होता. आम्ही बायका बोलायचो. उन्हाळ्यात दोन्ही घरांच्या कुरडया एकाच गच्चीवर पडायच्या, काकूंच्या गव्हाचा चीक आमच्या पातेल्यात शिजायचा, वाळत घातलेल्या ज्वारीच्या पापडांवरून चिमण्या हाकलायला दोन्हीकडची पोरं एकत्र बसायची. पुरुषांनी वैर करायचं आणि बायकांनी पापड करायचे, अशी वाटणी होती. ती कोणी केली नव्हती, पण चालू होती.

काकाजी आत आले नाहीत. फाटकाबाहेरच, डोक्यावर टोपी, हातात मुलाच्या, गणेशच्या, लग्नाच्या पत्रिकांची पिशवी. प्रवीण गाडी पुसत होता. मामाजी ओसरीवर पेपर वाचत होते, आणि दोघा भावांच्या मधे फक्त अंगण होतं.

“प्रवीण,” काकाजी म्हणाले, “आपल्या गण्याचं लगन हाय. नवरदेवाले तुही गाडी पायजे.”

“हाव काका. कायले विचारता? तुमचीच हाय.” प्रवीणनं एका दमात सांगून टाकलं. हातातलं फडकं त्यानं पिळलं तेव्हा मला दिसलं, त्याचं बोलून झाल्यावर डोकं चालू झालंय. मी चहा नेला. काकाजींनी तो उभ्यानं का होईना, घेतला. कप परत देताना एकदा ओसरीकडे पाहिलं आणि गेले.

मामाजींनी पेपर खाली केला तो फाटक वाजल्यावर. मला वाटलं आता काही तरी कडू बोलतील. ते म्हणाले, “बसला नाही का?”

मी म्हटलं, “नाही मामाजी. उभ्यानंच घेतला चहा.”

“हं,” म्हणाले, आणि पेपर पुन्हा वर घेतला. त्यांनी तो उलटा धरलेला होता असं मी म्हणणार नाही, सुलटाच होता. पण पान मात्र जेवायच्या वेळेपर्यंत उलटलं नाही.

खरी गोष्ट सासूबाईंनी मला शेवया वळता वळता सांगितली. “गाडी तं निमित्त हाय वं. त्याले व्याहीभेटीले दादा पायजे. पण तोंडानं कसा म्हणन?” व्याहीभेट म्हणजे मंडपाच्या दारात दोन्ही घरची माणसं गळ्यात पडतात ती. वडील वडिलांना, मामा मामांना, काका काकांना, मानाप्रमाणं. पुकारा वडिलांच्या नावानं होतो, पण पहिला मान घरातल्या थोरल्याचा. पण ज्याला यजमान नाव घेऊन बोलावत नाही त्यानं पुढं पाऊल टाकायचं नसतं, मग तो सख्खा भाऊ का असेना. काकाजींनी आधीच्या लग्नात, म्हणजे त्यांच्या मुलीच्या, एका लांबच्या चुलतभावाला थोरल्याच्या जागी उभं केलं होतं. मामाजी त्या लग्नात जेवून, आहेर करून, मागच्या रांगेतून घरी आले होते. आल्यावर दोन दिवस त्यांना पित्त झालं होतं म्हणे. “या खेपेले बलावलं तं बलावलं,” सासूबाई म्हणाल्या, “नाही तं मंग मेल्यावरच खांद्याले येतीन एकमेकाच्या.”

त्या दिवसापासून माझ्यासाठी तो पंखा नुसता पंखा राहिला नाही.

रात्री जेवताना मी प्रवीणला म्हटलं, की काकांना खरं सांगून टाका, गाडी तापते म्हणावं. तो हसलासुद्धा नाही. “कसं सांगू? आपल्याकडे ‘गाडी गॅरेजले हाय’ याचा अर्थ काय होते, तुले माहीत नाही का?” मला माहीत होतं. आमच्या भागात गाडी द्यायची नसली की कोणी ‘देत नाही’ म्हणत नाही. बॅटरी उतरते, पाटा तुटतो, ड्रायव्हर गावाला जातो. समोरचाही मान डोलावतो, ‘काही हरकत नाही’ म्हणतो आणि जन्मभर लक्षात ठेवतो. हे आम्ही इतक्या पिढ्या, इतक्या प्रेमानं करत आलोय, की आता कोणाची गाडी खरंच बिघडली तर त्याला ते सांगायला भाषाच उरलेली नाही. लांडगा आला रे आला, पण इथं सगळं गावच ओरडणारं.

आज मागे वळून पाहताना वाटतं, त्या उन्हाळ्यात मी आंब्याची चव घेतली नाही. आमरस केला, पुरणाचे मांडे झाले, पाहुणे जेवून पोटावर हात फिरवत कूलरसमोर आडवे झाले, आणि मी मात्र मधेच उठून अंगणात. कूलरच्या ओल्या गवताचा वास आला की आजही मला थंडावा वाटण्याऐवजी धाक वाटतो. पळस झडून गेला होता, गुलमोहर पेटला होता, शाळेत वार्षिक परीक्षेचे पेपर तपासायचे होते. ‘माझा आवडता ऋतू’ या निबंधात एका मुलीनं लिहिलं होतं, ‘उन्हाळ्यात लग्ने असतात म्हणून तो आनंदी ऋतू आहे.’ मी तिला पैकीच्या पैकी गुण दिले आणि मनात म्हटलं, बाई, तुझ्या घरी जर्मन गाडी नाही.

आम्ही तालीमसुद्धा केली. आमच्या शाळेच्या मैदानावर, भर दुपारी, प्रवीण गाडी माणसाच्या चालीनं गोल फिरवतोय आणि नवरदेव म्हणून मी मागे बसलेय. कुत्रीसुद्धा सावलीतून उठून आम्हाला बघायला आली नाहीत, इतकं ऊन. त्या तालमीत एक उपाय सापडला. काटा चढायला लागला की एसी बंद करायचा आणि आतला हीटर पूर्ण लावायचा. इंजिनाची धग मग आत येते आणि काटा खाली उतरतो. म्हणजे गाडी वाचते, आतला माणूस शिजतो. मी त्या दिवशी मैदानावर अर्धी शिजले होते. उतरल्यावर प्रवीण म्हणाला, “पाह्य, जमते!” मी त्याच्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नाही.

नवरी सुलतानपूरची. प्रवीण आधी एकदा जाऊन मारुती ते मंडप हा रस्ता बघून आला. नवरदेवाला मारुतीच्या पाया पाडून तिथून वाजतगाजत मंडपात नेतात, त्याला आमच्याकडे परण्या म्हणतात. “लहानसा रस्ता हाय, समोरून वारा हाय, निभून जाईन,” तो म्हणाला. पंख्याचं युनिट आलं नव्हतंच. लग्नाच्या आदल्या दिवशी वर्कशॉपला फोन केला, तर ‘येईल मॅडम’.

लग्नाच्या सकाळी सगळं इतकं सुरळीत झालं की मला संशयच येत होता. मेहकरच्या पुढे रस्ता मोकळा, काटा मध्यावर खिळलेला, गणेश फेटा मांडीवर घेऊन गाण्याच्या तालावर बोटं वाजवतोय. करवली म्हणून त्याची बहीण शेजारी, मी पुढे, पायाशी कूलंटचे दोन कॅन. काकाजी-काकू पुढच्या जीपमध्ये, मामाजी आणि सासूबाई मागून वऱ्हाडाच्या बसमध्ये. मामाजींनी नवं धोतर नेसलं होतं. परीटघडीचं होतं, आणि त्यांनी बसमधल्या बाकावर आधी रुमाल अंथरला आणि मग बसले, असं सासूबाईंनी नंतर सांगितलं. बोलावलं तर तयार असावं, म्हणून.

सुलतानपूरला पोचल्यावर गणेशला घेऊन आम्ही नाश्त्याला आत गेलो, गाडी मारुतीच्या पारापाशी सावलीत ठेवून. परत येऊन बघतो तर काकाजींनी हौसेनं बोलावलेला सजावटवाला काम आटपून बाजूला उभा. गाडी ओळखू येईना. बॉनेटवर झेंडूची चादर, आरशांना शेवंतीचे गजरे, आणि समोर, गाडीचं तोंड जिथं असतं तिथं, इंजिनाला वारा मिळतो त्या जाळीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत थर्मोकोलची पाटी. चारी बाजूंनी झेंडू घट्ट खोचलेला. मधे लाल बदामात ‘गणेश’ आणि ‘पूजा’.

प्रवीणनं माझ्याकडे पाहिलं. मी प्रवीणकडे पाहिलं.

“काका,” तो चाचरत म्हणाला, “हे पाटी जराशी वरतं...”

“काऊन? मस्त दिसून राह्यली,” काकाजी म्हणाले. इतके खूश होते की मला त्यांच्याकडे बघवेना. काकू म्हणाल्या, “नाव लागलेली पाटी काढत नाहीत बाप्पा, अपशकून होते.” तेवढ्यात डीजेनं दणका दिला आणि पोरं नाचायला लागली. आता काही बोलण्यासारखं राहिलं नाही.

पाव रस्ताही झाला नसेल. मे महिन्याचं ऊन, डीजेच्या ठोक्यानं काचा थरथरतायत, पोरं दोन पावलं पुढे आणि तीन मागे. माझे डोळे काट्यावर. तो निघाला. हळूहळू नाही, उठून चालायलाच लागला. प्रवीणनं एसी बंद केला. मग माझ्याकडे न बघता हीटर लावला.

गणेशच्या शेरवानीत धग शिरली तसा तो पुढे झुकला. “दादा, एसी लाव ना.”

“लागून राह्यला,” प्रवीण म्हणाला. देवानं त्याला माफ करावं.

करवलीचं काजळ गालावर आलं. गणेशच्या कपाळावरचा कुंकवाचा टिळा नाकाच्या शेंड्यापर्यंत ओघळला. काटा खाली येईना. पाटीमुळे समोरचा वाराच बंद होता. तोच गोडसर वास यायला लागला, आधी थोडा, मग पुष्कळ. आणि तेवढ्यात काकाजी गाडीच्या बाजूला आले, पोराच्या तोंडावरचा घाम पाहिला, खिडकीतून हात आत घातला. गरम हवेचा झोत त्यांच्या मनगटावर आदळला.

त्यांचा चेहरा उतरलेला मी अगदी जवळून पाहिला. “काऊन रे प्रवीण? पोराले भाजून राह्यला का?”

“काका, गाडी तापून राह्यली. खरंच. म्हणून हीटर...”

“हाव,” काकाजी म्हणाले. आवाज शांत होता, म्हणून जास्त लागला. “तापनच ना. आमच्या कामाची हाय म्हटल्यावर तापनच. गाडी देली, पण मनातून नाही देली. दादानंच सांगितलं असन.” आणि ते पुढे निघून गेले. मी दार उघडून त्यांच्यामागे धावणार होते, पण काय सांगणार होते? लग्नाच्या ऐन गर्मीत कोणी हीटर लावतं आणि तो नवरदेवाच्या भल्यासाठी असतो, हे मला तरी कोणी सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं का? पुढे मंडपाच्या कमानीत नवरीकडची माणसं हारतुरे घेऊन उभी राहायला लागली होती. त्यांच्या समोर, आमच्या बाजूनं, तो लांबचा चुलतभाऊ नवा गुलाबी फेटा सारखा करत होता. मला रडायला यायला लागलं. सगळं संपलं असं वाटलं, आणि तेही एका पंख्यापायी.

गाडीच्या तोंडातून वाफेचा बारीक धागा निघाला. झेंडूमधून वर यायला लागला. नाचणाऱ्या पोरांना तो डीजेवाल्याचा धूर वाटला, त्यांनी शिट्ट्या मारल्या.

मागच्या गर्दीतून मामाजी पुढे आले. त्यांनी तो वास ओळखला असणार. होळीपासून आमच्या अंगणात तोच वास होता, आणि त्यांच्या पेपर वाचण्याच्या जागेवर तो सगळ्यात आधी यायचा. ते कोणाशी काही बोलले नाहीत. पोरांना हातानं बाजूला केलं, गाडीसमोर गेले, वाकले, आणि पाटीच्या एका कडेची तार उपसायला लागले.

बायकांत एकदम आवाज उठला. “अहो, अहो! नाव काढून राह्यले!” डीजे बंद पडला. काकाजी वळले, धावत आले आणि त्यांनी भावाचं मनगट धरलं. मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्या दोघांचा एकमेकांना लागलेला तो पहिला हात.

“हात सोड बे,” मामाजी म्हणाले. “नाक दाबलं तुह्या पाटीनं तिचं. श्वास कुठून घीन? वाफ निघून राह्यली, दिसत नाही का?”

काकाजींनी वाफेकडे पाहिलं. मग खिडकीतून आतल्या गणेशकडे, मग प्रवीणकडे. त्यांना काय काय कळलं ते मी सांगू शकत नाही. त्यांनी मनगट सोडलं. तारेचं शेवटचं टोक सुटलं, पाटी मामाजींच्या हातात आली आणि एका बाजूनं वाकायला लागली.

“खाली नोको ठेवू दादा,” काकाजी घाईघाईनं म्हणाले. “पोरायची नावं हायत.”

“मंग धर तिकून.”

काकाजींनी दुसरी कडा धरली. दोघंही गाडीच्या पुढे चालायला लागले, मधे ती पाटी, ‘गणेश’ एकाकडे आणि ‘पूजा’ दुसऱ्याकडे. डीजेवाल्यानं थोडी वाट पाहिली आणि पुन्हा लावलं, पण आवाज जरा कमी ठेवून. पाटीचा अडसर गेल्यावर समोरून वाऱ्याची झुळूक आत शिरली. काटा थांबला. मग अगदी सावकाश, एकेका रेघेनं, उतरायला लागला. प्रवीणनं हीटर कमी केला. मी त्या दिवशी पहिल्यांदा त्याच्या हातावर माझा हात ठेवला, आणि मागून करवली म्हणाली, “वहिनी, रडून कायले राह्यल्या? आता बरं वाटून राह्यलं.”

मी खूप वेळा विचार करते, की पंखा ठीक असता तर काय झालं असतं. गणेश गारेगार एसीत मंडपात पोचला असता, काकाजींनी प्रवीणची पाठ थोपटली असती, आणि व्याहीभेटीला गुलाबी फेटा पुढे गेला असता. तोंडानं न म्हणता येणाऱ्या माणसांना काही तरी एकत्र उचलावं लागतं. मग ते वावरातले दगडगोटे असोत की थर्मोकोल. अर्थात हे मला आज, सावलीत बसून सुचतंय. त्या दिवशी मला एवढंच कळत होतं, की काटा खाली जातोय आणि मंडप जवळ येतोय, आणि मंडपाशी काय होईल ते अजून कोणालाच माहीत नाही.

मंडप आला. गाडी थांबली. माइकवरून भटजींनी पुकारा केला, “व्याहीभेटीसाठी नवरदेवाचे वडील पुढं या!” नवरीचे वडील शेला आणि हार घेऊन दोन पावलं पुढे आले. मामाजींनी लगेच आपली कडा वर उचलून पाटी एकट्यानं तोलायचा प्रयत्न केला, काकाजींचे हात मोकळे व्हावेत म्हणून, आणि मागे सरकायला लागले. मान खाली, त्या मोठ्या पाटीआड जवळजवळ लपलेले. मागच्या रांगेत जायची त्यांना सवयच होती.

काकाजी पुढे गेले नाहीत. त्यांनी मामाजींच्या हातातून पाटी काढून घेतली, इकडेतिकडे पाहिलं, आणि शेजारी फेटा सावरत उभ्या असलेल्या चुलतभावाच्या हातांत ती देऊन टाकली. “हे धर बरं जरा.” मग हार घेऊन थांबलेल्या व्याह्यांकडे वळून म्हणाले, “थांबा पाहुणे. मले नाही. आधी आमच्या दादाले भेटा.”

मामाजींच्या हातांना थर्मोकोलचे दाणे चिकटलेले होते. ते त्यांनी परीटघडीच्या धोतराला पुसले, आणि पुढे झाले.